एमिलचा शिवलेला खिसा

कोणी 'काही नाही' म्हणालं, की ओटिली ब्रँडहॉर्स्ट हातातलं काम टाकून त्याच्याकडे निरखून बघायची.

त्याला कारण होतं. तिचा नवरा गेरहार्ट पिंपांच्या कारखान्यात होता. एका हिवाळ्यात त्याला खोकला लागला. काय होतंय विचारलं, तर 'काही नाही'. जेवण का जात नाही? 'काही नाही, दुपारी जास्त झालं.' रुमालावर लाल डाग दिसला, तेव्हासुद्धा तो शांतपणे म्हणाला, 'काही नाही गं, बीटाचं लोणचं सांडलं.' तिने विश्वास ठेवला. नदीवरचं बर्फ फुटलं, पहिली बोट धक्क्याला लागली, आणि त्याच सुमाराला गेरहार्टला टेकडीवरच्या दफनभूमीत पोहोचवावं लागलं.

त्यानंतर ओटिलीने विश्वास ठेवणं सोडून दिलं. खाटीक मांस तोलायचा, तेव्हा ती मांसाकडे न बघता त्याच्या अंगठ्याकडे बघायची. अंडी खिडकीच्या उजेडात धरून मगच टोपलीत टाकायची. पाद्रीबाबांचं प्रवचन एखाद्या रविवारी लवकर संपलं, तर यांना आज एवढी कुठे जायची घाई आहे, हा प्रश्न तिला दुपारपर्यंत पुरायचा. लोमर्सव्हिलचे लोक हसायचे. 'ओटिलीला सुप्रभात म्हटलं, तर ती आधी आभाळाकडे बघून खात्री करते,' असं न्हाव्याच्या दुकानात म्हणत. तिला ते माहीत होतं. हसा म्हणावं. हसणाऱ्यांच्या घरी अजून नवरे होते.

तिचं पोट धुण्यावर चालायचं. गावच्या बेसबॉल संघाचे, कूपर्सचे, म्हणजे 'पिंपवाल्यां'चे, कपडेही तिच्याकडेच येत. जाड लोकरीचे ते पांढरे-राखी कपडे ऑगस्टच्या उन्हात घामाने असे भिजायचे, की उचलताना ओलं मेंढरू उचलल्यासारखं वाटे. त्यातच तिच्या मुलाचे, एमिलचे, कपडे असायचे. एमिल पिचर होता, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा, पण राखीव. मुख्य पिचर लुट्झ दमला किंवा दुखावला, तरच एमिलच्या हातात चेंडू यायचा. उंच, कमी बोलणारा, बापासारखे लांब हात. खेळायचे पैसे मिळतात, याचं तिला नवल वाटायचं आणि भीतीही. ज्या कामाचे पैसे मिळतात, ते काम न करण्याचेही कोणीतरी देऊ शकतं.

ही भीती हवेतली नव्हती. आदल्याच वर्षी, नदीपलीकडच्या गावातल्या एका खेळाडूने सट्टेवाल्यांकडून पैसे घेऊन सामना घालवला होता. तो पकडला गेला आणि गाव सोडून गेला. त्याची आई मात्र गावातच राहिली. तिची बेकरी होती. पाव तसाच होता, भट्टी तीच होती, पण गिऱ्हाईक रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने जायचं. ओटिलीने एकदा मुद्दाम जाऊन तिच्याकडून राय धान्याचा पाव आणला होता. बाईने मान वर केली नव्हती.

आणि आता, या उन्हाळ्यात, एमिल विचित्र वागू लागला होता.

आधी धुण्याच्या खोलीतला साबण कमी होऊ लागला. पिवळ्या साबणाच्या वड्या ती फळीवर रचून ठेवायची. ढीग खचत चालला होता. तिचा पहिला संशय शेजारच्या लूला ग्रीव्हवर गेला, कारण लूलाचे पडदे अचानक फारच पांढरे दिसू लागले होते. मग एमिल संध्याकाळी जेवून बाहेर पडू लागला. 'कुठे चाललास?' 'कॅस्परकडे.' कॅस्पर फोइट मैदान सांभाळायचा. गेरहार्टचा जुना दोस्त, कुबड आलेला म्हातारा. तरण्या पोराला रोज त्याच्याकडे काय काम? आणि एक दिवस तिने न्हाव्याच्या दुकानापुढे एमिलला परक्या माणसाशी बोलताना पाहिलं. त्या माणसाच्या पायात पिवळे बूट होते. तो एमिलच्या कानाशी लागून बोलत होता, आणि एमिल इकडेतिकडे बघत होता.

"कोण होता रे तो?" तिने सूप वाढताना विचारलं.

"कोण?"

"पिवळ्या बुटांचा."

एमिलने चमचा तोंडात घातला आणि तिथेच ठेवला. "कोणी नाही."

"कोणी नाही म्हणजे बूट एकटेच उभे होते?"

"आई, सूप छान झालंय."

सूप खारट झालं होतं.

शेवटचा सामना टॅलमनच्या संघाशी होता. दोन्ही संघ बरोबरीत. जो जिंकेल, तो त्या वर्षीचा विजेता. सामन्याच्या दिवशी एमिल सकाळी मैदानावर जाऊन आला, दुपारी घरी जेवला आणि दाढी करायला वर गेला. खेळायचे कपडे खुर्चीच्या पाठीवर टाकलेले होते. ओटिलीची नजर पँटच्या मागच्या खिशावर गेली. खिसा फुगला होता.

तिने दोनदा नजर वळवली. तिसऱ्यांदा हात घातला.

आत माती होती. कोरडी, चाळून घेतल्यासारखी बारीक माती. ती तळहातावर घेऊन ओटिली बराच वेळ बघत राहिली. नोटा असतील, निदान चिठ्ठी असेल, अशी तिच्या मनाची तयारी झाली होती. माती कशासाठी? तिने वास घेतला. मातीचाच होता. पण तेवढ्याने तिचं समाधान होईना. आज खिशात माती, उद्या दुसरं काहीतरी. पिवळ्या बुटांचा माणूस गर्दीत मागून येईल, खिशात काहीतरी सरकवेल, आणि पोराला कळण्याआधी तो विकला गेलेला असेल. एमिल स्वतःहून वाईट नव्हता, हे तिला पटलेलं होतं. वाईट गोष्टी खिशातून आत शिरतात, असं काहीतरी तिच्या मनाने घेतलं होतं.

तिने माती खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीत ओतली. मग सुई घेतली, दुहेरी दोरा ओवला आणि खिशाचं तोंड शिवून टाकलं. टाके बारीक, पक्के. खिसाच नाही, तर कोण काय घालणार?

एमिल धावतपळत खाली आला, उशीर झाला म्हणत कपडे चढवले आणि गेला. आज लुट्झ खेळणार होता. बाकावर बसणाऱ्याने खिसा कशाला चाचपावा?

ओटिली सहसा सामन्याला जात नसे. त्या दिवशी गेली. बायकांच्या बाकांवर लूला ग्रीव्ह आधीच ठाण मांडून होती, मांडीवर शेंगदाण्यांची पुडी.

"आलीस का? बैस," लूला म्हणाली. "आज काय संशय आला म्हणून आलीस?"

"तुझा ॲप्रन छान धुतलाय गं."

"हो ना. नीळ घातली."

"नीळ," ओटिली म्हणाली आणि तो ॲप्रन निरखत बसली.

सामना मात्र असा चालला होता, की संशयालाही उसंत मिळू नये. टॅलमनने एक रन काढली, कूपर्सनी बरोबरी केली. टॅलमन पुन्हा पुढे गेले. सातव्या डावात कूपर्सच्या एकाने चेंडू कुंपणाला लावला, दोघं धावत निघाल्या जागी, 'घरी', परत आले आणि तीन-दोन झालं. लूलाने शेंगदाणे उधळले. पाहुण्यांचा पिचर मोठा गुणी होता. पण तो प्रत्येक चेंडूनंतर हात शर्टाला पुसत होता, पुन्हा पुन्हा, खरूज झाल्यासारखा.

"त्याला काय झालंय?" ओटिलीने विचारलं.

"लोमर्सव्हिलला आले, की सगळ्यांनाच होतं," लूला म्हणाली. "आपल्या मैदानावर बाहेरच्यांचे हात घसरतात. नशीब आपलं."

नशीब. ओटिलीला तो शब्दही फारसा आवडत नसे.

आठवा डाव कोरा गेला. नवव्या डावात टॅलमनची शेवटची पाळी. पहिलाच फटका सरळ लुट्झच्या नडगीवर बसला. आवाज बाकांपर्यंत आला. बॅटर धावत पहिल्या बेसवर, म्हणजे पहिल्या टप्प्यावर, पोहोचला, लुट्झला दोघांनी उचलून नेलं, आणि मॅनेजर डॅन हॅगर्टीने बाकाकडे बोट केलं. एमिल उठला.

ओटिलीने हातरुमालाला गाठ मारली.

पुढच्या बॅटरने बॅट नुसती टेकवून चेंडू हळूच जमिनीवर सोडला. एमिल झेपावला, पिचर उभा राहतो त्या मातीच्या उंचवट्यावर पालथा पडला, दोन्ही हात मातीत. पण पडल्या पडल्याच त्याने चेंडू फेकला आणि बॅटर बाद झाला. टाळ्या पडल्या. पुढे गेलेला माणूस दुसऱ्या बेसवर होता.

तिथून सगळं बिघडलं. एमिलने हात पँटला पुसले. चेंडू टाकला, तो बॅटरच्या मागे बसणाऱ्या कॅचरच्या डोक्यावरून जाता जाता राहिला. पुढचा बॅटरपासून हातभर लांब. एकामागून एक चार चेंडू भरकटले आणि बॅटर बॅट टाकून फुकटात पहिल्या बेसवर चालत गेला. त्याच्या मागच्या बॅटरच्या खांद्यात एमिलचा चेंडू बसला, म्हणून त्यालाही पहिला बेस मिळाला. तिन्ही बेस भरले.

"अरे हात मोडले का तुझे!" मागून कोणीतरी ओरडलं.

"हात नाही मोडले, खिसा भरलाय!" दुसरा ओरडला.

हशा झाला, पण तो नेहमीचा हशा नव्हता. ओटिलीने मान वळवून गर्दी चाळली. पिवळे बूट? तिसऱ्या रांगेत? नाही, ते पितळी टोकाचे होते. मीच खिसा शिवला, तिने स्वतःला सांगितलं. त्याच्या खिशात काही नाही. पण पैसे काय, मैदानावरच देतात? आधीच दिले असतील तर? कॅस्परकडे, संध्याकाळी?

आणि मग तिला ते दिसलं. एमिलचा उजवा हात मागच्या खिशाकडे गेला, थांबला आणि परत आला. चेंडू टाकण्याआधी पुन्हा गेला. बोटांनी शिवण चाचपली. त्याने चटकन बाकांकडे पाहिलं, थेट तिच्याकडे, आणि त्याचा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता असा झाला. लहानपणी गर्दीत तिचा हात सुटला होता, तेव्हा असाच झाला असेल.

ओटिली उठली.

"कुठे चाललीस? शेवट आहे!" लूला म्हणाली.

कुंपणाशी, अवजारांच्या खोपट्यापुढे, कॅस्पर फोइट पिंपावर बसून पाइप चावत होता. ओटिलीने त्याची बाही धरली.

"कॅस्पर, त्याच्या खिशातली माती कशाची होती?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलंच नाही. "कसली माती?"

"मी ती काढून टाकली. आणि खिसा शिवला."

पाइप खाली पडला. "देवा रे! अगं बये, मग तो त्या ढिगावरचीच माती हाताला लावतोय!"

"लावली तर? काय आहे त्या मातीत?"

कॅस्परने इकडेतिकडे पाहिलं. "साबण."

"काय?"

"हळू बोल. किसलेला साबण. हॅगर्टीचा हुकूम. जूनपासून रोज संध्याकाळी मी आणि एमिल किसतो आणि उंचवट्यावर मिसळतो. पाहुण्यांचा पिचर घामाचा हात सुकवायला मातीत घासतो आणि चेंडू निसटतो. आपल्या पिचरांजवळ चांगली माती असते. लुट्झ तंबाखूच्या पिशवीत ठेवतो, एमिल खिशात." त्याने पडलेला पाइप उचलला. मग अपराध्यासारखा म्हणाला, "साबण तुझाच आहे. दुकानातून एवढा घेतला असता, तर बोभाटा झाला असता."

ओटिलीने कुंपणाचा दांडा धरला. पोरगा विकला गेला नव्हता. ही एक गोष्ट तिच्या अंगात गरम दुधासारखी उतरली. आणि लगेच दुसरी उतरली: पोरगा लबाड होता. आणि तिसरी: तो आता तिथे बुडत होता, तो तिच्या टाक्यांमुळे.

"काहीतरी कर!"

कॅस्परने बादलीभर कोरडी माती आणि दाताळं उचललं आणि लंगडत आत गेला. उंचवट्यावर खड्डा पडलाय, बुजवतो, म्हणाला. अंपायर ऑस्बर्न सुका, कडक माणूस. त्याने हात वर केला. "डाव संपल्यावर बुजव." कॅस्पर परत आला.

एमिलने हात गवतावर घासला, शर्टावर घासला, तोंडाशी नेऊन फुंकला. चेंडू टाकला. तो कॅचरच्या बाजूने निसटून कुंपणापर्यंत गेला आणि टॅलमनचा माणूस घरी आला. तीन-तीन. पुढचा चेंडू पडला तो सरळ बॅटरच्या पुढ्यात, ताटात वाढल्यासारखा. खणखणीत फटका. आणखी एक रन. तीन-चार. त्यानंतरचे दोन फटके क्षेत्ररक्षकांनी पळत जाऊन झेलले, म्हणून डाव तरी आटोपला. कूपर्सच्या शेवटच्या पाळीत एक माणूस तिसऱ्या बेसपर्यंत पोहोचला. शेवटचा फटका उंच गेला, सगळं गाव उभं राहिलं, आणि टॅलमनच्या माणसाने तो कुंपणाला पाठ टेकून झेलला.

मग बसायच्या गाद्या मैदानात येऊन पडू लागल्या. त्यानंतर एक बाटली.

"विकलास! गाव विकलंस!"

"किती मिळाले रे, ब्रँडहॉर्स्ट?"

माणसं कुंपण ओलांडून आत घुसली. एमिल बाकापाशी उभा होता, हात लोंबकळत. हॅगर्टी त्याच्या शेजारीच होता. कोणीतरी त्याला विचारलं, "डॅन, हा विकला गेलाय ना?" हॅगर्टीने खांदे उडवले. "मी काय बोलू? तुम्हाला डोळे आहेत."

त्याला सगळं ठाऊक होतं. एमिलने बाकावर येताच शिवलेला खिसा उसवून त्याला दाखवला होता. उसवलेला दोरा अजून लोंबत होता. ओटिलीला तो दोरा लांबून दिसला, आणि हॅगर्टीचे उडालेले खांदेही दिसले.

ती फाटकातून मैदानात गेली. बायका मैदानात जात नसत; म्हणून माणसं बाजूला झाली.

"आई, घरी जा," एमिल म्हणाला.

"काय झालं ते सांग यांना."

"काही नाही. जा तू."

बापाचाच सूर. ओटिली तिथून वळली आणि सरळ उंचवट्यावर गेली. मूठभर माती घेतली. बाकाशेजारी खेळाडूंची प्यायच्या पाण्याची बादली होती. हॅगर्टी आडवा आला.

"मिसेस ब्रँडहॉर्स्ट, बाई, ऐका. पोराचं नाव चार दिवस खराब होईल. हे बाहेर पडलं, तर अख्ख्या संघाचं होईल. गावाचं होईल."

"चार दिवस? तुम्ही नदीपलीकडचा पाव खाल्लाय का कधी?"

त्याला काही कळलं नाही. तिने त्याच्या हाताखालून वाकून माती बादलीत टाकली, बाही कोपरापर्यंत सारली आणि उभा जन्म जशी कपडे घुसळत आली तसं पाणी घुसळलं. फेस आला. पांढरा, भरगच्च, काठावरून ओघळणारा.

"मिस्टर ऑस्बर्न," ती अंपायरला म्हणाली, "माझा मुलगा विकला गेलेला नाही. तो साबणचोर आहे. साबण माझा होता, म्हणून मला माहीत. आणि त्याच्या खिशातली चांगली माती मी फेकली."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग बरेच जण हसले. टॅलमनचा पिचर पुढे आला, बादलीत बोट बुडवलं, आपल्या लालभडक तळहाताकडे पाहिलं आणि हॅगर्टीला अशी शिवी घातली, की लूला ग्रीव्हने कानावर हात ठेवले. लूलाही तोवर मैदानात पोहोचली होती.

पुढे व्हायचं ते झालं. लीगने चौकशी केली, हॅगर्टीला काढलं, एमिलला खेळायची बंदी झाली. संघाचे कपडे ओटिलीकडे यायचे बंद झाले. काही जण तिला गावबुडवी म्हणायचे; बरेच जण साबण घेताना दुकानात अजून हसायचे. एमिल पुढे रेल्वेत लागला आणि त्याच्या पोरांना बेसबॉलपेक्षा पोहण्याचा नाद लागला. ओटिली पुष्कळ वर्षं जगली आणि शेवटपर्यंत अंडी उजेडात धरून बघत राहिली.

पण त्या दिवशी संध्याकाळी मायलेक ओढ्यावरच्या पुलावरून घरी निघाले होते. पूल अर्धा झाल्यावर तो म्हणाला, "तो पिवळ्या बुटांचा माणूस शेगड्यांचा एजंट आहे. हिवाळ्यात शेगड्या विकशील का, म्हणून विचारत होता."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"शेगड्या विकणारा पिचर! पोरांनी जगू दिलं नसतं."

तो थांबला. "आई, तुला खरंच वाटलं होतं? मी विकला गेलो?"

खोटं बोलणं सोपं होतं. तो तिच्याकडे बघतही नव्हता. पाण्याकडे बघत होता.

"हो," ती म्हणाली. "वाटलं होतं."

"कॅस्परने सांगेपर्यंत?"

"सांगेपर्यंत."

"आणि त्याने सांगितलं नसतं तर?"

ओटिलीने विचार केला. "तर अशीच तुझ्या शेजारून घरी चालले असते. पण एक अक्षर बोलले नसते."

एमिलने पुलावरचा एक खडा पायाने पाण्यात ढकलला. मग चालू लागला. पुलानंतरचा चढ तो लांब टांगा टाकत एकटाच चढून गेला. मागे वळून पाहिलं नाही. वर पोहोचल्यावर मात्र तो रस्त्यात तसाच पाठमोरा उभा राहिला, तिची पावलं ऐकू येईपर्यंत.